कुलगुरू महोदय, पाणी ३९ फुटांवर गेलं की विद्यापीठात कोण काय करतं?

प्रति,
महाराष्ट्रातल्या सर्व सार्वजनिक विद्यापीठांचे मा. कुलगुरू
आणि व्यवस्थापन परिषदांचे सन्माननीय सदस्य

सा. न. वि. वि.

मी कोल्हापूरची. एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक म्हणून बरीच वर्षं काम करून आता निवृत्त झाले आहे. मुली 'रेक्टर मॅडम' म्हणायच्या, कागदोपत्री ते काम 'अतिरिक्त कार्यभार' होतं. महाविद्यालयाचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढे जे लिहिते आहे ते एकट्या त्या महाविद्यालयाचं दुखणं नाही.

आमच्याकडे पावसाळा फुटांत मोजतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ फुटांवर गेलं की धोका पातळी. जुलै उजाडला की 'आज किती फूट?' हा प्रश्न मंडईत, रिक्षात, बँकेच्या रांगेत, सगळीकडे ऐकू येतो. राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, हे शाळकरी पोरंसुद्धा सांगतात. कुठल्या पातळीला गोठा रिकामा करायचा आणि कुठल्या पातळीला घरातली म्हातारी माणसं हलवायची, हे आंबेवाडी आणि प्रयाग चिखलीच्या लोकांना पाठ असतं. प्रशासन नोटिसा काढतंच, पण २०१९ चा तडाखा खाल्ल्यावर नोटिशीची वाट बघत बसणारे कमी उरलेत. आकडा आला की सामान बांधायला घ्यायचं.

आता माझा प्रश्न. पाणी ३९ फुटांवर गेलं की विद्यापीठात आणि त्याला संलग्न महाविद्यालयांत कोण काय करतं? ४३ ला काय बदलतं? मी पाहिलंय ते असं: ३९ ला चर्चा, ४३ ला बैठक, आणि रस्ते बंद झाल्यावर परिपत्रक.

फूट हे कोल्हापूरचं झालं. मुंबईत भरतीची वेळ आणि तासाचा पाऊस, कोकणात वाऱ्याचा वेग, मराठवाड्यात आकाशातली वीज, विदर्भात पारा. आकडा कुठलाही असो, तो आला की आपोआप काय घडायचं, हे आधी ठरलेलं नसतं. या पत्रात मला एवढंच सांगायचं आहे, पण ते नीट सांगायला जरा जागा लागेल.

आराखडा नाही असं मी म्हणणार नाही. आराखडे आहेत. महाविद्यालयांचं मूल्यमापन करणाऱ्या नॅकची समिती यायची असली की त्यांना नवं स्पायरल बाइंडिंगही होतं. त्यात समिती असते, अध्यक्ष असतात, सदस्य-सचिव असतात, अग्निशामक नळकांड्यांचे फोटो असतात. 'संबंधितांनी आवश्यक ती कार्यवाही तातडीने करावी' असं एक वाक्य हमखास असतं. संबंधित कोण आणि आवश्यक काय, तेवढं लिहायचं राहून जातं. दूरध्वनींच्या यादीत केव्हाच बंद झालेले लँडलाइन नंबर असतात आणि केव्हाच निवृत्त झालेली माणसं.

रात्री दीड वाजता तळमजल्यावर पाणी दिसलं तर काय होतं ते बघा. पहिल्यांदा दिसतं ते रखवालदाराला. तो कंत्राटी. ठेकेदार बदलला की माणूस बदलतो. मोटारीच्या खोलीची किल्ली कुठे, मेन स्विच कुठला, गच्चीचं कुलूप कुणाकडे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तो अधीक्षकांना उठवतो. अधीक्षक प्राचार्यांना किंवा कुलसचिवांना फोन लावतात. ते 'सकाळी बघू' म्हणतात. असं म्हणतात कारण रात्री निर्णय घेतला आणि सकाळी पाऊस उघडला, तर 'उगाच सगळ्यांना घाबरवलं' हे ऐकून घ्यावं लागतं. मी या माणसांना दोष देत नाही. डोक्यावर पाऊस कोसळत असताना एकट्या माणसाला निर्णय घ्यायला लावणं, तिथेच चुकतं. तो निर्णय एप्रिलमध्ये घ्यायचा, उन्हात, चहा पीत, सगळे समोर बसलेले असताना. पावसात फक्त तो अमलात आणायचा.

२०१९ च्या ऑगस्टबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आराखडे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पूर म्हटलं की रबरी बोट येते, आणि वसतिगृहातला पूर तसा नसतो.

त्या वेळी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि काही दिवस कोल्हापूरचं बेट झालं. आमचं वसतिगृह उंच भागात. शिवाजी विद्यापीठाचा परिसरही उंचावरच. लोक म्हणायचे, तुम्हाला काय, तुमच्याकडे पाणी येत नाही. खरंच येत नव्हतं. नळालाही येत नव्हतं. शहराला पाणी पुरवणारी नदीकाठची उपसा केंद्रं, शिंगणापूर, बालिंगा, पुरातच बुडाली होती. पाणीपुरवठ्याच्या सरकारी हिशेबात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. शंभर मुली म्हणजे साडेतेरा हजार लिटर. चौथाईत भागवायचं म्हटलं तरी सव्वातीन-साडेतीन हजार लिटर हवंच, आणि टँकरला रस्ता नाही. आम्ही गच्चीच्या पन्हळींखाली पिंपं लावली. पावसाचं पाणी संडासाला, टाकीत उरलेलं स्वयंपाकाला आणि प्यायला, असा नियम मुलींनीच केला. मोडणारीला मुलींनीच झापलं. माझा त्यात वाटा फक्त पिंपांच्या किल्ल्यांचा, म्हणजे भांडारपालाला शोधून काढण्याचा.

मेसमध्ये भाजी संपली, मग कडधान्यं. दूध नाही, कारण संकलनच ठप्प. पेट्रोल अत्यावश्यक वाहनांना राखून ठेवलेलं. एका मुलीला फिटचा त्रास होता आणि तिच्या गोळ्या संपत आल्या होत्या. दुसरीचा दम्याचा पंप. सॅनिटरी पॅड तर कुठल्याच यादीत नव्हते. आराखड्यात 'प्रथमोपचार पेटी' होती. तिच्यात कापूस, आयोडीन आणि मुदत संपलेली मलमपट्टी. वसतिगृहाला बोट एकदाही लागली नाही. फिटच्या गोळ्या लागल्या. आणि मोबाईल चार्ज करायला एखादी जागा. जनरेटर होता, डिझेल नव्हतं.

सगळ्यात अवघड गोष्ट या सगळ्याहून निराळी होती. शिरोळ तालुक्यातल्या मुली. एरवी आईवडील मुलीची काळजी करत फोन करतात. इथे आईवडीलच छावणीत, फोन लागत नाही, आणि मुलगी माझ्यासमोर उभी: 'मॅडम, मला घरी जाऊ द्या.' त्याच दिवसांत पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि माणसं गेली. मी मुलींना अडवलं. पण कुठल्या अधिकारात? संध्याकाळी सातच्या आत मुलगी आत हवी, यासाठी माझ्या नियमावलीत चार कलमं होती. सकाळी दहा वाजता एक सज्ञान मुलगी पुराच्या दिशेने निघाली तर तिला थांबवायचं का, थांबवलं तर तिच्या घरच्यांचा शोध कुणी घ्यायचा, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाशी कुणी बोलायचं, यावर अवाक्षर नव्हतं. छावण्यांच्या याद्या मिळवून त्यात घरच्यांची नावं शोधायचं काम शेवटी आमच्याच मुलींनी केलं, एकमेकींच्या गावच्या ओळखी काढत.

२०२१ ला नदी २०१९ पेक्षाही वर, ५६ फुटांपलीकडे गेली. तेव्हा कोरोनामुळे वसतिगृहं जवळजवळ रिकामी होती. त्या वर्षी आपण पास झालो असं कुणी समजू नये. पेपरच झाला नाही.

अधिकार नाही म्हणून अडतं, असंही नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम १२ (७) ने तातडीच्या प्रसंगी लगेच कृती करण्याचा अधिकार कुलगुरूंना दिलेला आहे. एरवी हे कलम किती सढळ हाताने वापरलं जातं, ते आपण जाणताच. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ प्रमाणे जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. दोन्हीकडे अधिकार आहे. मधला माणूस नाही. जिल्हाधिकारी 'शाळा-महाविद्यालयांना सुट्टी' जाहीर करतात आणि विद्यापीठाच्या परीक्षेचं काय, यावर दोन तास कुणी बोलत नाही. ती पोकळी व्हॉट्सअ‍ॅप भरून काढतं. मागच्या वर्षीच्या परिपत्रकावरची तारीख खोडून यंदाची टाकलेला फोटो फिरतो, आणि तो खरा की खोटा हे विचारायला मुलं वर्गशिक्षकांना फोन करतात. त्यांनाही तोच फोटो आलेला असतो.

निर्णय कुणी घ्यायचा, याइतकंच तो कुठे बसून घ्यायचा हेही महत्त्वाचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याला ७५ मिलिमीटरही झाला नाही. मुंबई विद्यापीठाचं मुख्यालय फोर्टला, कुलाब्याच्या बाजूला. विद्यानगरीचा परिसर कालिन्याला, सांताक्रूझच्या बाजूला, मिठी नदीपासून हाकेच्या अंतरावर. फोर्टात खिडकीतून बाहेर पाहणाऱ्याला त्या दुपारी नेहमीचा जुलै दिसला असेल, आणि कालिन्यात माणसं गळ्याएवढ्या पाण्यातून वाट काढत होती. एकाच शहरात ही गत. मग गडचिरोलीत बसून भामरागडचं काय कळणार? गोंडवाना विद्यापीठाच्या हद्दीतलं ते तालुक्याचं गाव. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की बाहेरच्या जगापासून तुटतं, आणि पावसाळ्यात हे पुन्हा पुन्हा होतं. तिथल्या मुलासाठी विद्यापीठाच्या दारातलं कोरडं आकाश काय कामाचं? म्हणून माझी मागणी अशी की परीक्षा थांबवण्याचा किंवा वर्ग सोडण्याचा पहिला अधिकार त्या त्या केंद्राच्या माणसाला लेखी द्या. त्याने विद्यापीठाला कळवायचं, परवानगी मागायची नाही. नंतर त्याला कारणे दाखवा नोटीस येणार नाही, हेही त्याच कागदावर लिहा. नाहीतर अधिकार कागदावर राहील आणि माणूस 'वरून' काय येतंय याची वाट बघत बसेल.

वेळेचंही तेच. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडची मुलं पहाटेची एसटी धरून परीक्षेला येतात. सकाळी आठ वाजता 'आजचा पेपर पुढे ढकलला' असं जाहीर करणं म्हणजे त्यांना अर्ध्या वाटेवर सोडणं. हवामान खात्याचे रंग आदल्या दुपारपर्यंत कळलेले असतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. जिल्ह्याला लाल इशारा असेल तर संध्याकाळी सातपर्यंत निर्णय जाहीर झालाच पाहिजे, तोही एकाच ठिकाणी, आणि ते ठिकाण पहिल्या दिवशीच मुलांना सांगितलेलं असलं पाहिजे. यावर एक आक्षेप मला माहीत आहे: लाल इशारा येतो, सुट्टी जाहीर होते आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडतं. पडू दे. शैक्षणिक वेळापत्रकात निवडणुकांसाठी जागा काढता, पावसासाठी तीन-चार राखीव दिवस आधीच काढून ठेवा, म्हणजे एक दिवस फुकट गेल्याचा एवढा गाजावाजा होणार नाही. आणि ज्याचा रस्ता बंद होता त्याच्या ७५ टक्के हजेरीतून तो दिवस वजा करू नका. पुरात अडकल्याचा पुरावा म्हणून तलाठ्याचा दाखला मागणारी मंडळी मी पाहिली आहेत. तलाठी तेव्हा पंचनाम्यात असतो.

पूर आणि अतिवृष्टी यांनाच आपत्ती म्हणायची सवय झाल्यामुळे साध्या पावसाकडे दुर्लक्ष होतं. २५ नोव्हेंबर २०२३ ला कोची विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात खुल्या प्रेक्षागृहात संगीताचा कार्यक्रम होता. पाऊस सुरू झाला, बाहेर थांबलेली गर्दी आडोशासाठी दारातून आत घुसली, पायऱ्यांवर माणसं एकमेकांवर पडली आणि चौघांचा जीव गेला. चक्रीवादळ नाही, ढगफुटी नाही. हे वाचून मला आपले युवा महोत्सव आठवले. मंडप, एकच शोभिवंत कमान, तिच्यासमोर रांगोळी आणि दीपप्रज्वलनाची समई. पाऊस आला तर इतकी माणसं कुठल्या दाराने कुठे जाणार, हे आयोजन समितीच्या कुठल्या बैठकीत विचारलं जातं? पाहुण्यांच्या गाडीचं पार्किंग मात्र तीन बैठकांत ठरतं.

तळघरांचा विषय आणखी गंभीर. २७ जुलै २०२४ ला दिल्लीत जुन्या राजेंद्रनगरमध्ये एका शिकवणी वर्गाच्या तळघरातल्या अभ्यासिकेत पावसाचं पाणी शिरलं आणि तीन विद्यार्थी बुडाले. आपली किती मुलं स्पर्धा परीक्षांसाठी त्याच गल्ल्यांत राहतात, हे वेगळं सांगायला नको. पण दिल्लीकडे बोट दाखवण्याआधी आपापल्या परिसरात एक फेरी मारा. ग्रंथालयाचं जुन्या पुस्तकांचं दालन तळघरात, जनरेटर तळघरात, वीजजोडणीचं मुख्य पॅनल पार्किंगच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला. त्याच आठवड्यात, २५ जुलैला, पुण्यात डेक्कन भागात साचलेल्या पाण्यात विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले होते. पाणी घोट्याला लागायच्या आत मेन स्विच पाडायचा, आणि ते काम ज्याच्या ताब्यात किल्ली आहे त्या रात्रपाळीच्या माणसाचं. त्याला ते शिकवायला अर्धा तास लागतो. वायरमनला सोबत घेतलं तर वीस मिनिटं.

आकाशातल्या विजेबद्दल थोडक्यात. मराठवाडा-विदर्भात आणि हल्ली सगळीकडेच वळवाच्या पावसात मैदानावर खेळणारी मुलं असतात. लखलखाट दिसल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर मैदान रिकामं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं परत जायचं नाही. हा नियम मैदानाच्या फाटकावर रंगवून घ्या. अंतिम सामना असला तरी तो लागू. वीज पडण्याचा इशारा देणारं, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप क्रीडा संचालकांच्या मोबाईलमध्ये असावं, हे सांगायला मला संकोच वाटतो, पण सांगते. झाडांचंही असंच. आपल्या परिसरांत गुलमोहर आणि रेन ट्री भरमसाट, दिसायला देखणे, पहिल्या वादळी वाऱ्यात आडवे होणारे, आणि त्यांच्याच सावलीत दुचाकींचं पार्किंग. शहरात छाटणीला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ती मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज फेब्रुवारीतच करायचा असतो. आपल्याकडे तो फांदी पडल्यावर होतो. उन्हाळ्याचा तर मी उल्लेखच करून सोडते: एप्रिल-मेमध्ये दुपारच्या सत्राचा पेपर पत्र्याच्या छपराखाली ठेवणाऱ्यांनी १६ एप्रिल २०२३ चं खारघर आठवावं, भर उन्हातल्या पुरस्कार सोहळ्यात उष्माघाताने माणसं गेली ते.

आता जमेच्या बाजूचं. २००७ पासून राज्यपालांच्या कार्यालयाच्या पुढाकाराने एनएसएसच्या मुलांसाठी 'आव्हान' हे आपत्ती व्यवस्थापनाचं राज्यस्तरीय शिबिर होतं. एनडीआरएफचे जवान तिथे दोराच्या गाठी, जखमीला उचलणं, बेशुद्धाला जिवंत ठेवणं शिकवतात. मुलं ट्रॅकसूट आणि प्रमाणपत्र घेऊन परत येतात आणि विषय संपतो. माझ्याच वसतिगृहात अशी एक मुलगी होती आणि मला ते पूर ओसरल्यावर कळलं, कारण तिचं नाव एनएसएसच्या फायलीत होतं, वसतिगृहाच्या फायलीत नव्हतं. प्रत्येक वसतिगृहाच्या दर्शनी फलकावर अशा मुलामुलींची नावं आणि खोली क्रमांक लावा. त्यांनी पुरात उड्या माराव्यात म्हणून मुळीच नाही. त्यांना आम्हा अधीक्षकांपेक्षा जास्त कळतं, म्हणून.

आणखी दोन गोष्टी आराखड्यांतून सुटतात. पहिली, सुट्टी. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, दापोली-मंडणगडला झोडपून गेलं, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तौक्ते मे २०२१ मध्ये किनाऱ्याजवळून गेलं. मे आणि जून. म्हणजे वसतिगृहं कागदोपत्री बंद असण्याचे दिवस. पण तेव्हाही पीएच.डी.ची मुलं असतात, 'कमवा आणि शिका'ची असतात, ईशान्येकडची असतात ज्यांना दोन महिन्यांत घरी जाऊन येणं परवडत नाही, मेसच्या आचाऱ्याचं कुटुंब असतं. हजेरीपटावर ती नसतात, त्यामुळे संकटात त्यांना मोजायला कुणी येत नाही. दुसरी, अपंग विद्यार्थी. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ८ आपत्तीच्या काळात त्यांच्या संरक्षणाची जबाबदारी स्पष्ट सांगतं. भोंगा वाजला तर कर्णबधिर मुलाला कोण उठवणार? अंध मुलीचा नेहमीचा जिना बंद असेल तर तिला दुसरा जिना आधी कुणी एकदा चालून दाखवलाय का? लिफ्ट बंद पडल्यावर व्हीलचेअरवरचा मुलगा तिसऱ्या मजल्यावर का राहतो, हा प्रश्न तर पावसाळ्याच्या बाहेरचाही आहे.

पैशांचं. कित्येक महाविद्यालयांच्या फीच्या पावतीवर आपत्ती निधी म्हणून दहा रुपयांची एक ओळ असते. दहा रुपये किरकोळ, पण लाखो विद्यार्थ्यांचे मिळून किरकोळ राहत नाहीत. ते कुठे जमा होतात, कशावर खर्च होतात, याचा हिशेब दर वर्षी संकेतस्थळावर टाका. मी वर ज्या गोष्टींची यादी दिली, पिंपं, डिझेल, गोळ्या, पॅड, रखवालदारांचं अर्ध्या तासाचं शिक्षण, त्यांना कोट्यवधी लागत नाहीत. बांधकाम विभागाच्या एका कमानीच्या खर्चात ते बसेल.

मागते आहे ते एक पान. प्रत्येक वसतिगृहासाठी आणि प्रत्येक परीक्षा केंद्रासाठी वेगळं, ३१ मेच्या आत दारावर चिकटवलेलं. त्यावर तिथला आकडा: नदीचे फूट, पावसाचे मिलिमीटर, इशाऱ्याचा रंग, पाऱ्याचे अंश, जे त्या जागेला लागू असेल ते. आकडा आला की कुठली गोष्ट कुणी किती वाजेपर्यंत करायची. तो माणूस नसेल तर दुसरा कोण, आणि दुसराही नसेल तर तिसरा कोण. किल्ल्या कुठे. नाव असावं, पदनाम पुरत नाही, कारण रात्री दीडला पदनामाला फोन लावता येत नाही. मराठीत असावं, शिवाय हिंदी-इंग्रजीतही, कारण मणिपूरहून आलेल्या मुलीला 'इशारा पातळी' म्हणजे काय हे कळायला हवं. खाली कुलसचिवांची सही, आणि जिल्हा नियंत्रण कक्षाला ते पान पोचल्याचा शिक्का.

मग जूनच्या पहिल्या आठवड्यात, कुणालाही न सांगता, रात्री त्या पानावरचा पहिला नंबर आपण स्वतः फिरवून बघा. दिवसा, फोटोग्राफर बोलावून, पिवळी जाकिटं घालून केलेला सराव मला मान्य नाही.

या पत्राला उत्तर म्हणून समिती नेमल्याचं कळवू नये. त्याऐवजी आपल्या कुठल्याही एका वसतिगृहात आज रात्रपाळीला कोण आहे, त्याचं नाव आणि त्याच्याकडे कुठल्या किल्ल्या आहेत, एवढं त्याच वसतिगृहाच्या फलकावर लावावं. मला कळवायची गरज नाही. मुलींनी वाचलं म्हणजे झालं.

कळावे,
आपली विश्वासू,
मुलींच्या वसतिगृहाची एक निवृत्त अधीक्षक,
कोल्हापूर